काळा दगड एवढा कठीण, मग समुद्र त्याला फोडतो कसा? आपल्या विहिरीतले थर आणि कोकणातले कडे

आटपाडी : आपल्या तालुक्यात विहीर खणायला काढली की पहिल्या आठवड्यातच दगडाची चर्चा सुरू होते. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याच्याखाली काळा दगड. "काळा लागला" असं कुणी म्हटलं की मालकाच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण आता सुरुंगाचा खर्च वाढणार. पण त्याच काळ्या दगडात एखादी फट लागली आणि तिच्यातनं पाणी आलं, तर तोच मालक नारळ फोडतो.

हा काळा दगड फक्त आपल्या शिवारापुरता नाही. आटपाडीतून भिवघाटमार्गे विट्याला जा, तिथून कराड, पाटण, कुंभार्ली घाट आणि चिपळूण करत गुहागरला उतरा. रस्ताभर पायाखाली याच दगडाचे थर आहेत. गुहागरला रस्ता संपतो, आणि त्या किनाऱ्यावर हाच दगड अरबी समुद्राच्या लाटा अंगावर घेत उभा आहे.

मग प्रश्न पडतो तो असा. दगड एकच, समुद्रही एकच. तरी एके ठिकाणी सरळ कडा, शेजारी खोल घळ, त्याच्या पुढं गुहा आणि दोन डोंगरांच्या मधे वाळूचा किनारा, हे सगळं कसं तयार होतं? शाळेच्या भूगोलात सागरी कडा, सागरी गुहा, तरंगघर्षित मंच हे शब्द सगळ्यांनी पाठ केलेत. त्यामागचं कारण मात्र आपल्या विहिरीत उतरून बघितलं तर जास्त लवकर कळतं.

थोडक्यात सांगायचं तर

- किनारा किती झिजणार हे दोन गोष्टींवर ठरतं : दगडाची जात आणि दगडाची ठेवण.
- जात म्हणजे दगड कशाचा बनलाय, घट्ट आहे की ठिसूळ.
- ठेवण म्हणजे त्याला फटी किती, थर आडवे की कललेले, दोन थरांच्या मधे काय आहे.
- पुष्कळ ठिकाणी जातीपेक्षा ठेवणच जास्त महत्त्वाची ठरते. कठीण दगडही फटीतून हरतो.
- लाटांचा जोर, भरती-ओहोटी, वाळूचा पुरवठा आणि माणसानं केलेली बांधकामं यांचाही वाटा असतो. पण या सगळ्यांचा मार कुठं बसणार, ते दगड ठरवतो.

लाट दगड फोडते कशी

पाणी मऊ आणि दगड कठीण, तरी दगड फुटतो, कारण लाट एकटी काम करत नाही.

पहिलं काम हवेचं. लाट कड्यावर आदळते तेव्हा फटीत असलेली हवा आत दाबली जाते. लाट मागं फिरली की ती हवा एकदम सुटते. हा दाब आणि ताण दिवसरात्र चालतो. फट थोडी थोडी रुंदावत जाते आणि एक दिवस दगडाचा तुकडा सुटून येतो. सुरुंगाच्या भोकात दारू उडाली की तिचा जोर फटीतूनच पसरतो, तसाच हा प्रकार, फक्त फार सावकाश.

दुसरं काम सुटलेल्या गोट्यांचं आणि वाळूचं. लाट ते उचलते आणि कड्याच्या पायावर आपटते. त्यामुळं कडा वरून नाही, पायथ्याला झिजतो. पायथ्याला खोबण पडते, वरचा भाग अधांतरी राहतो आणि मग कोसळतो. पडलेला ढिगारा काही काळ कड्याचं रक्षण करतो. तो लाटांनी दळून नेला की पुन्हा तीच गोष्ट सुरू होते. असा कडा मागं मागं सरकत गेला की त्याच्या पुढं सपाट खडकाळ ओटा उरतो. तोच तरंगघर्षित मंच. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो.

तिसरं काम मिठाचं. खारं पाणी दगडाच्या बारीक भोकांत शिरतं, ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि मिठाचे खडे आत फुगतात. त्यानं दगडाचे कण सुटतात. किनाऱ्यावरच्या काही कातळांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, ती मुख्यतः यामुळं.

चौथं काम हवापाण्याचं. ते आपल्याकडंही चालू आहे. काळा दगड पाण्यानं आणि हवेनं कुजत कुजत मुरूम होतो, मुरमाची माती होते.

या चारही कामांत एक गोष्ट समान आहे. पाण्याला आत शिरायला वाट लागते. ज्या दगडाला वाट नाही, तिथं लाट आपटून परत जाते.

दगडाची जात

काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हे थर पसरलेले आहेत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातच येतो. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाला, म्हणून तो घट्ट. घण मारला तर खणकन आवाज येतो.

थराच्या वरच्या भागात लाव्ह्यातले वायू अडकले, म्हणून तिथं भोकंच भोकं. पुढं त्या भोकांत पांढरे खडे भरले गेले. विहीर खणताना आपण ज्याला मांजऱ्या म्हणतो तो बहुतेक या प्रकारचा किंवा अर्धवट कुजलेला दगड. तो काळ्यापेक्षा मऊ असतो, पहारीनं सुटतो. पण यात एक गंमत आहे. अशा भोकाळ दगडाला उभ्या फटी पुष्कळदा कमी असतात. त्यामुळं हातोड्याखाली मऊ वाटणारा हा दगड कधी कधी लाटांपुढं एकसंध टिकतो, आणि शेजारचा घट्ट काळा दगड फटींतून ठोकळ्या-ठोकळ्यानं निखळतो.

दोन लाव्ह्यांच्या मधे काही ठिकाणी लाल मातीसारखा थर सापडतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात वरचा भाग कुजला, आणि पुढच्या लाव्ह्याच्या उष्णतेनं भाजून लाल झाला. हा थर सगळ्यात कच्चा. भिजला की सुटतो, वाळला की भेगाळतो.

कोकणात आणखी एक दगड भेटतो, तो म्हणजे जांभा. पाचगणीचं टेबललँड पाहिलं असेल तर जांभा तुम्ही पाहिलाच आहे. भरपूर पाऊस आणि उष्णता यांनी मूळ खडकातली द्रव्यं धुऊन गेली आणि लोह, ॲल्युमिनियम मागं राहिलं, त्याचा हा दगड. खाणीत असतो तोवर करवतीनं कापता येतो, हवा लागली की टणक होतो. घरांना लागणारे चिरे याचेच. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यानं केरळात हा दगड पाहून त्याला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटराइट हे नाव दिलं. जांभ्याचा वरचा पापुद्रा टणक असतो, पण खाली बहुधा पांढरट-पिवळी चिकण माती असते.

सिंधुदुर्गाच्या दक्षिण भागात मालवण-वेंगुर्ल्याकडं गेलं की लाव्ह्याचा प्रदेश संपतो. तिथं त्याहून कितीतरी जुने खडक वर आलेले आहेत, ग्रॅनाइटच्या जातीचे आणि गारगोटीसारखे टणक क्वार्टझाइट. क्वार्टझाइट हा झिजायला फार चिवट.

आणि शेवटची जात म्हणजे दगडच नसणं : वाळू आणि खाडीचा गाळ. तिथं किनारा एका पावसाळ्यात मागंपुढं होऊ शकतो.

दगडाची ठेवण

खाणीत काम करणारा जुना माणूस दगडावर लगेच घाव घालत नाही. आधी नस बघतो. नस सापडली की छिन्नीच्या चार ठोक्यांत मोठा दगड दुभंगतो, नाही सापडली तर दिवसभर घण मारूनही नुसत्या कपच्या उडतात. समुद्रही हेच करतो. फरक एवढाच, की त्याला नस शोधायची घाई नाही.

फटी किंवा सांधे : लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि त्याला तडे जातात. सुकलेल्या तळ्यातल्या गाळाला जसे तडे पडतात तसे. काही ठिकाणी हे तडे इतके नियमित असतात की दगडाचे पाच-सहा कोनी खांब तयार होतात. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळ्याजवळ बांदिवडे इथं असे खांब आहेत, मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे. कर्नाटकात मालपेजवळच्या सेंट मेरी बेटांवर हे खांब थेट समुद्रात उभे आहेत. फटी जवळजवळ असतील तर लाट छोटे ठोकळे पटापट काढते. फटी लांब लांब असतील तर कडा टिकतो, पण पडतो तेव्हा मोठी शिळा पडते.

थरांचा कल : थर आडवे असतील तर कडा उभा राहतो आणि पायथ्याशी खोबण पडते. थर समुद्राकडं कललेले असतील तर पायथा झिजल्यावर वरची लादी घसरून खाली येण्याचा धोका जास्त. थर जमिनीकडं कललेले असतील तर कडा तुलनेनं सुरक्षित. आपल्या भागात लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत, म्हणूनच माणदेशातल्या टेकड्यांचे माथे सपाट आणि अंगं पायऱ्या-पायऱ्यांची दिसतात. मुंबई-पनवेलच्या बाजूला मात्र हे थर पश्चिमेकडं वाकलेले आहेत.

मधला कच्चा थर : कड्यात लाल मातीचा किंवा गाळाचा थर नेमका लाटेच्या उंचीवर आला, तर तो पोखरला जातो आणि वरचा कितीही टणक दगड असला तरी त्याचा आधार जातो. तोच थर लाटेच्या पोहोचेच्या वर असेल, तर तिथं धोका बराच कमी. म्हणजे कच्चा थर आहे की नाही एवढंच बघून चालत नाही, तो कोणत्या उंचीला आहे ते बघावं लागतं.

डाइक : जुन्या थरांना चिरून नंतर वर आलेला लाव्हा उभ्या भिंतीसारखा थिजतो, त्याला डाइक म्हणतात. रायगडच्या किनाऱ्यावर असे डाइक बरेच आहेत. डाइकचा दगड भोवतालपेक्षा चिवट असेल तर आजूबाजूचं झिजून भिंत उभी राहते. तो जास्त तडकलेला असेल तर उलट होतं, भिंतीच्या जागी चर पडतो. आपल्याकडं बोअर घेताना एका बांधावर पाणी आणि पलीकडच्या बांधावर कोरडं, असं होतं, त्यामागंही कधी कधी अशी गाडलेली भिंत असते.

किनाऱ्यावर प्रत्यक्षात काय दिसतं

मुंबईपासून सुरुवात करू. मलबार हिल आणि वरळीची टेकडी या पश्चिमेकडं, म्हणजे समुद्राकडं कललेल्या बेसॉल्टच्या आहेत. त्या दगडाच्या खाली गाळाचा मऊ थर आहे. त्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडले, त्यामुळं तो भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध आहे. समुद्राच्या अंगाला टणक दगडाची कललेली पाठ आल्यामुळं ती लाटांना ढालीसारखी उपयोगी पडली.

रायगड जिल्ह्यात सावित्री नदीच्या मुखाशी हरिहरेश्वर आहे. देवळाची प्रदक्षिणा डोंगराला वळसा घालून जाते. दोन कड्यांच्या मधल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरल्या की माणूस एकदम लाटांनी कापलेल्या खडकाळ ओट्यावर येतो. भूगोलाच्या पुस्तकातला तरंगघर्षित मंच तो हाच. बाजूच्या कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत. ही वाट ओहोटीलाच चालता येते. भरतीला आणि पावसाळ्यात समुद्र तिथं आपलं काम करत असतो.

गुहागर तालुक्यात हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ आहे. काळ्या कातळात एक अरुंद, लांब भेग. भरतीचं पाणी तिच्यात शिरतं, पुढं वाट अरुंद होत जाते, पाणी कोंडतं आणि उंच उसळतं. फवारा बघायला लोक लांबून येतात. या एका घळीत सगळा धडा आहे. दोन्ही बाजूंचा कातळ तोच, लाटाही त्याच, पण आत शिरायला वाट मिळाली ती फक्त भेगेतून. बाजूचा कातळ जागेवर आहे आणि भेगेची घळ झाली.

रत्नागिरीत गोष्ट बदलते. वर जांभ्याचा सडा, खाली मऊ माती आणि त्याखाली बेसॉल्ट. जांभ्याचा टणक पापुद्रा छपरासारखा. लाट किंवा पावसाचं पाणी खालची माती काढून नेतं, छप्पर अधांतरी राहतं आणि मोठमोठ्या शिळा तुटून पडतात. काही कड्यांच्या पायथ्याला अशा पडलेल्या जांभ्याच्या शिळांचा खच दिसतो. वरून बघितलं तर सडा सपाट आणि मजबूत वाटतो. खालून बघितलं तरच पोकळी कळते.

रत्नागिरी शहराजवळ दोन किनाऱ्यांना लोकांनी पांढरा समुद्र आणि काळा समुद्र अशी नावं दिलीत. काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचं जड, लोह-टायटॅनियमचं खनिज असतं. ते मुळात बेसॉल्टमधलं. म्हणजे दगड झिजला तरी नाहीसा होत नाही, तो वाळू होऊन शेजारच्या किनाऱ्यावर बसतो.

कोकणचा सगळा किनारा असाच डोंगराचं नाक, मधे खाडी किंवा वाळूचा अर्धगोल, पुन्हा नाक, असा आहे. नाकं टणक दगडाची. पूर्वी समुद्राची पातळी बरीच खाली होती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा शंभर मीटरहूनही जास्त खाली होती. पुढं पाणी वाढलं, नद्यांची तोंडं बुडाली, त्यांच्या खाड्या झाल्या, आणि मधल्या डोंगरांच्या सोंडा समुद्रात राहिल्या. लाटा या नाकांवर जास्त जोरानं आदळतात, कारण उथळ पाण्यात लाट वाकते आणि तिचा जोर नाकावर एकवटतो. खाडीच्या कुशीत तोच जोर पसरून मंद होतो, म्हणून तिथं वाळू बसते.

जगात याची दोन टोकं

दगडाची जात किती फरक पाडते ते इंग्लंडमध्ये स्पष्ट दिसतं. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर होल्डरनेस नावाचा भाग आहे. तिथले कडे हिमनदीनं टाकलेल्या चिकण मातीचे. ते सरासरी वर्षाला दीड-दोन मीटर मागं सरकतात. रोमन काळापासून कितीतरी गावं तिथं समुद्रात गेली. याउलट घट्ट आग्नेय खडकाचा कडा वर्षाला मिलिमीटरच्या हिशोबानं झिजतो.

ठेवण किती फरक पाडते ते इंग्लंडच्याच दक्षिणेला लुलवर्थच्या खाडीत दिसतं. समुद्राच्या काठाला टणक चुनखडीची भिंत, तिच्यामागं मऊ माती आणि त्यामागं खडूचा डोंगर. भिंतीला एका जागी तोंड पडलं आणि समुद्र आत शिरला. आतली माती दोन्ही बाजूंनी पोखरत गेली आणि शंखासारखी गोल खाडी तयार झाली. तोंड अरुंद, पोट मोठं. टणक भिंत फुटेपर्यंत सगळं शाबूत होतं, फुटल्यावर मागचं सावरलं नाही.

भारताचा हिशोब

चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रह चित्रांवरून किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यात देशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भाग झिजतो आहे असं आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण पाव आहे, तर पश्चिम बंगालात साठ टक्क्यांच्या आसपास. बंगालचा किनारा गंगेच्या गाळाचा, आपला मोठ्या प्रमाणात दगडाचा. फरकाला इतर कारणं आहेतच, पण पायाखालचं काय आहे हे त्यातलं मोठं कारण.

पण पाव म्हणजेही कमी नाही. आणि त्यातला मोठा त्रास वाळूच्या किनाऱ्यांना आहे, जिथं गावं, माडाच्या बागा आणि होड्या ओढायच्या जागा आहेत. माणूस वस्तीला खडकाळ नाक निवडत नाही, तो कुशीतली सपाट जागा निवडतो. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही चक्रीवादळं आली तेव्हा कातळाचे कडे बहुतांशी होते तिथंच राहिले, नुकसान मऊ किनाऱ्यांचं आणि तिथल्या माणसांचं झालं.

जुने किल्ले आणि नवे बंधारे

सिंधुदुर्गाचं काम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सुरू केलं. मुरुडचा जंजिराही समुद्रातल्या खडकावर आहे. जागा निवडतानाच पाया दगडाचा बघितलेला.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठे दगड चुना न भरता रचलेले दिसतात. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा मारा विखुरतो. आपल्या जुन्या विहिरींची कोरडी रचाई आठवा. तिथंही दगडांच्या मधे चुना नसतो, कारण मागचं पाणी सुटायला वाट पाहिजे. पाणी कोंडलं की भिंत फुगते आणि पडते.

आजच्या किनाऱ्यावर मुंबईच्या मरीन ड्राइव्हपासून रत्नागिरीच्या मिऱ्यापर्यंत चार पायांचे सिमेंटचे टेट्रापॉड किंवा मोठे दगड टाकलेले दिसतात. त्यांचं काम तेच, लाटेचा जोर मोडणं. सरळ, गुळगुळीत भिंत बांधली तर लाट तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते. शिवाय एका गावापुढं बंधारा घातला की वाळूची वाट बदलते आणि झीज शेजारच्या गावाकडं सरकू शकते. म्हणून बंधारा किती लांब यापेक्षा तो कशावर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना काय होणार, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

आपल्या तालुक्यात याचा काय उपयोग

आटपाडीला समुद्र नाही, पण पाणी आणि दगडाचं भांडण इथंही तेच आहे.

विहीर : मुरमाचा भाग आणि लाल मातीचा थर या दोन जागी विहिरीची कड ढासळते. वरचा काळा दगड टणक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याच्याखाली लाल थर असेल तर तो भिजून-वाळून सुटतो आणि वरचा दगड लोंबकळत राहतो. हेच रत्नागिरीच्या जांभ्याचं होतं. असा थर दिसला तर त्या पट्ट्याला बांधकाम करून घ्यावं आणि पाणी सुटायला भोकं ठेवावीत. खणलेल्या दगडमातीचा ढीग काठाला लावून ठेवू नये. जास्त दारूचा सुरुंग नव्या फटी पाडतो, त्या कड कमकुवत करतात.

पाणी : ज्या फटी कड्याला घातक, त्याच विहिरीला तारक. घट्ट, बिनफटीचा काळा दगड लागला तर खोल जाऊनही पाणी मिळेलच असं नाही. दोन थरांचा सांधा, कुजलेला मांजऱ्या आणि फटींचं जाळं, पाणी असतं ते इथं. खर्च करण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून जागा तपासून घेता येते.

तलाव : पाझर तलावाच्या भरावाला आतल्या अंगानं दगड लावलेले असतात, त्याला पिचिंग म्हणतात. वाऱ्यानं तलावातही लाटा उठतात आणि त्या माती खातात. पिचिंगचे दगड घरकामाला उचलून नेले की भरावाचा होल्डरनेस होतो.

माणगंगा आणि ओढे : नदी वळणाच्या बाहेरच्या काठाला खाते, पण खडक उघडा असेल तिथं थांबते. काठाच्या पायथ्याला माती आहे की कातळ, हे बघूनच बांध, पाइपलाइन किंवा मोटारीचं घर बांधावं. पायथ्याची वाळू उपसली तर काठाचा आधार जातो, मग वरचा बांध कितीही भक्कम असो.

कोकणात सहलीला जाताना

दरवर्षी घाटावरचे लोक समुद्रात बुडाल्याच्या बातम्या येतात. विहिरीत, नदीत पट्टीचा पोहणाराही समुद्राच्या खडकावर फसतो. ही यादी गाडीत बसण्याआधी मुलांना वाचून दाखवा.

- भरतीची वेळ स्थानिकांना विचारा. दिवसातून दोनदा भरती येते आणि दुसऱ्या दिवशी वेळ साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं.
- खडकाळ ओटा ओला आणि शेवाळलेला असेल तर त्यावर जाऊ नका. तो ओला आहे याचा अर्थ लाट तिथपर्यंत येते.
- घळीच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढू नका. कोंडलेली लाट नेहमीपेक्षा उंच उसळते.
- कड्याच्या अगदी टोकाला जाऊ नका. तुम्ही ज्यावर उभे आहात तो सडा खालून पोखरलेला असू शकतो, आणि ते वरून दिसत नाही.
- कड्याच्या पायथ्याला नुकत्या पडलेल्या, कोरीव कडांच्या शिळा दिसल्या तर तिथं सावलीला बसू नका.
- पावसाळ्यात समुद्र लांबूनच बघा.

शब्दांची ओळख

बेसॉल्ट : आपला काळा दगड, थंड झालेला लाव्हा.
जांभा : कोकणातला लाल, भोकाळ दगड. त्याचेच चिरे.
सडा : कोकणातलं जांभ्याचं सपाट पठार.
सांधा : दगडातली नैसर्गिक फट, खाणीतल्या भाषेत नस.
डाइक : थरांना चिरून उभी थिजलेली लाव्ह्याची भिंत.
तरंगघर्षित मंच : कडा मागं सरकल्यावर पुढं उरलेला खडकाळ ओटा.
उधाण : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती.

पुढच्या वेळी गावात कुणाची विहीर चालू असेल तर काठावरून, सांभाळून, आत बघा. काळ्या दगडाचा कोणता भाग सलग आहे, फट कुठून गेली आहे, लाल पट्टा किती खोलीवर आहे, ते नजरेनं टिपा. तसाच कडा कोकणात दिसेल, फक्त त्याच्या पायाशी समुद्र असेल. दगड किती कठीण आहे हे विचारून काम भागत नाही. तो कुठं फुटलेला आहे आणि पाणी कुठपर्यंत येतं, हे दोन प्रश्न विचारले की कडा कुठं पडणार याचा बराच अंदाज येतो. विहिरीची कडसुद्धा त्याच हिशोबानं पडते.